लष्करातून मंडीकडे

जुने म्हैसूर शहर मोहल्ल्यांत विभागलेले आहे. देवराज, कृष्णराज, चामराज अशी राजघराण्यातील नावे मिरविणाऱ्या मोहल्ल्यांच्या सोबतीला तेथे दोन अगदी कामकाजी नावे आहेत : एक लष्कर मोहल्ला आणि दुसरा मंडी मोहल्ला. लष्कर म्हणजे फौज आणि मंडी म्हणजे घाऊक बाजार. दोन्ही मोहल्ले शेजारशेजारचे. एकातून दुसऱ्यात पायी जायला काही मिनिटे पुरतात. पण ज्याने पंधरा-वीस वर्षे गणवेशात काढली, त्याला लष्करातून मंडीत, म्हणजे हुकमाच्या जगातून व्यवहाराच्या जगात यायला कितीतरी अधिक काळ लागतो. काहींची तर ही वाटचाल अखेरपर्यंत पूर्ण होत नाही.

ही वाट सुकर व्हावी म्हणून शासनाने माजी सैनिकांसाठी अनेक सवलती आणि योजना आखलेल्या आहेत. त्यांची यादी लहान नाही. तरीही माजी सैनिकाची किंवा त्याच्या पत्नीची शासकीय दारांपुढची पायपीट थांबलेली नाही. याचे कारण योजनांच्या तुटवड्यात नसून योजना आणि माणूस यांच्यामधल्या शेवटच्या काही पावलांत आहे. ही शेवटची पावले बहुधा बँकेच्या शाखेतच पडतात. म्हणून हा विषय जितका शासनाचा, तितकाच बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचाही आहे.

धोंडिया वाघ आणि दिवाण पूर्णय्या

फौजेतून बाहेर पडलेल्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न म्हैसूरला नवा नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि एका दिवसात हजारो सैनिक बेकार झाले. त्यांच्या हाती शस्त्रे होती, अंगी युद्धकौशल्य होते; नव्हता तो फक्त उद्याच्या भाकरीचा भरवसा. त्याच सुमारास श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातून एक कैदी निसटला. धोंडिया वाघ हे त्याचे नाव. चन्नगिरीच्या मराठा कुटुंबात जन्मलेल्या या लढवय्याने टिपूच्या फौजेतील विस्कळीत झालेले घोडेस्वार भोवती गोळा केले आणि वर्षभर म्हैसूरच्या उत्तरेकडील मुलखापासून मराठ्यांच्या हद्दीपर्यंत धुमाकूळ घातला. जून १८०० मध्ये त्याच्याशी लढताना मराठ्यांचे सरदार धोंडोपंत गोखले कामी आले. अखेर १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगळ येथे आर्थर वेलस्लीच्या घोडदळाने त्याला गाठले आणि त्यात तो ठार झाला.

धोंडियाचे बंड मोडण्यासाठी तलवार वापरावी लागली. पण असे आणखी धोंडिया निपजू नयेत म्हणून जो उपाय झाला, तो तलवारीचा नव्हता. बालराजे कृष्णराज वडियार यांचे दिवाण पूर्णय्या यांनी बेकार घोडेस्वारांपैकी अनेकांना शिलेदार म्हणून राज्याच्या चाकरीत घेतले. पायदळातील माणसांना ‘कंदाचार’ नावाच्या स्थानिक दलात सामावून घेतले. हे लोक गरज पडेल तेव्हा पहारा व बंदोबस्त पाहत आणि एरवी आपली शेती करीत. शिपायाला शेती आणि चाकरी या दोन्हींशी एकाच वेळी जोडणारी ही योजना होती. आजच्या भाषेत तिला पुनर्वसन म्हणावे लागेल. पूर्णय्यांचे शिलेदार घोडदळ पुढे शतकभर म्हैसूरच्या सेवेत राहिले. म्हैसूरच्या घोडदळाची परंपरा पुढे म्हैसूर लान्सर्सनी चालविली आणि २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूरच्या स्वारांच्या जोडीने त्यांनी हैफा शहर जिंकले. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातील तीन पुतळ्यांपैकी एक म्हैसूरच्या स्वाराचा मानला जातो.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. सैनिकाचे पुनर्वसन हे उपकार नव्हेत आणि केवळ कृतज्ञतेचा आविष्कारही नव्हे. तो राज्यव्यवहाराचा भाग आहे. ज्या राज्याला पुन्हा सैनिक लागणार आहेत, त्याने परत आलेल्या सैनिकाकडे पाठ फिरवणे हा शुद्ध अव्यवहार होय.

मंडळे, सवलती आणि निवृत्तिवेतन

आधुनिक काळातील व्यवस्थेची मुळे पहिल्या महायुद्धात सापडतात. १९१७ मध्ये भरतीसाठी जे मंडळ नेमले गेले, त्याचेच १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्डात रूपांतर झाले. माणसे गोळा करणाऱ्या यंत्रणेवरच परत आलेल्यांची काळजी घेण्याची जबाबदारी पडली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. हेच मंडळ १९७५ पासून केंद्रीय सैनिक बोर्ड या नावाने ओळखले जाते. त्याच्या छत्राखाली राज्याराज्यांत सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालये काम करतात. महाराष्ट्रात २००२ पासून माजी सैनिक महामंडळ, अर्थात ‘मेस्को’, हे आणखी एक साधन उपलब्ध झाले.

याच काळात पुण्याजवळ खडकीला आणखी एक काम उभे राहिले. १९१७ मध्ये मुंबईत अपंग सैनिकांसाठी सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली आणि हातपाय गमावलेल्या जवानांना हुन्नर शिकवू लागली. १९७४ पासून खडकीतच पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र चालते. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. पुढे त्यांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. पदकाची कथा सर्वांना ठाऊक असते. नोकरीची फारशी कोणी सांगत नाही. वास्तविक सैनिकाचे नागरी जीवनातले परत येणे त्या नोकरीनेच पूर्ण होते. पदक एकदा मिळते, पगार दरमहा लागतो.

आज उपलब्ध असलेल्या सवलतींचे थोडक्यात दर्शन घेतले तरी त्यांची व्याप्ती ध्यानात येते. १ जुलै २०१४ पासून ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ लागू झाले आणि त्यानंतर २०१९ व २०२४ मध्ये त्याची फेररचना झाली. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. तिची पॉलिक्लिनिके म्हैसूरसारख्या शहरांत चालतात. मुलांच्या व्यावसायिक शिक्षणासाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती असून २०१९ मध्ये तिची रक्कम मुलींसाठी दरमहा ३,००० आणि मुलांसाठी २,५०० रुपये करण्यात आली. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही अशा ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२५ पासून दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये झाले आहे.

हे शेवटचे साहाय्य कोणासाठी, असा प्रश्न पडेल. जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणतः १५ वर्षांची सेवा आवश्यक असते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेना सुमारे २५ लाखांपर्यंत वाढली आणि युद्ध संपताच त्यातील बहुसंख्यांना घरी पाठविण्यात आले. लढाई केली, परंतु पंधरा वर्षे भरली नाहीत; म्हणून निवृत्तिवेतन नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जवान धारातीर्थी पडले. अशा गावांत कोणाच्या वाट्याला स्मारकशिला आली, कोणाच्या वाट्याला निवृत्तिवेतन आले आणि कोणाच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. निकष काटेकोर असला तरी त्याच्या अलीकडे-पलीकडे माणसेच उभी असतात, हे विसरून चालत नाही.

नावाची गफलत आणि थांबलेला पैसा

पात्रता असणे आणि लाभ पदरात पडणे यांत जे अंतर असते, ते कागदाचे असते. मंडी मोहल्ल्यातील एखाद्या शाखेत असो, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राजवळच्या शाखेत असो की साताऱ्याच्या एखाद्या तालुक्याच्या गावी असो, हा अनुभव सारखाच असतो.

नमुन्यादाखल एक नेहमीचे प्रकरण पाहण्याजोगे आहे. सुभेदार वारले. त्यांच्या पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी येतात. सेवापुस्तकात पत्नीचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या खात्यात तिसरे. यात फसवणूक कसलीही नसते. मराठी घरांत लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची प्रथा पूर्वी सर्रास होती. माहेरची शकुंतला सासरी लक्ष्मी झाली. जवानाने भरती झाल्यावर किंवा रजेवर येऊन लग्न केल्यावर पलटणीला एक नाव कळविले, शाळेच्या दाखल्यावर दुसरे राहिले. पलटणीत अशा घटनांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. सेवेत असताना दहा मिनिटांत होणारी ही नोंद राहून गेली, तर पुढे सत्तर वर्षांच्या आजीला प्रतिज्ञापत्रे, राजपत्र आणि अभिलेख कार्यालय यांच्या फेऱ्यांत अडकवते. लग्नात जे नाव प्रेमाने ठेवले, तेच म्हातारपणी अडसर होऊन बसते.

दुसरी अडचण नव्या काळाची आहे. पूर्वी संरक्षण दलांचे निवृत्तिवेतन बँकांमार्फत दिले जाई. त्याची गणना, थकबाकी, हयातीचा दाखला, सारे काही शाखेशी जोडलेले असे. आता ‘स्पर्श’ या प्रणालीमुळे निवृत्तिवेतन प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयाकडून थेट खात्यात जमा होते. मधला टप्पा गेला आणि दिरंगाईची एक जागा कमी झाली, ही सुधारणा निर्विवाद आहे. पण वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही, तर पैसे थांबतात. आणि थांबलेल्या पैशांची चौकशी करायला म्हातारा जवान संगणकापुढे बसत नाही. तो जिथे वीस वर्षे येत होता, त्या शाखेतच येतो.

तेथे त्याला उत्तर मिळते, “काका, ते आता आमच्याकडे नाही.”

हे वाक्य नियमाने अचूक आहे. तथापि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा लागतो. निवृत्तिवेतनाचे काम शाखेतून गेले. निवृत्तिवेतनधारक मात्र गेला नाही. त्याचे खाते तेथेच आहे, त्याची ठेव तेथेच आहे आणि त्याचा विश्वासही तेथेच आहे. “आमच्याकडे नाही” याच्यापुढे “पण कुठे आहे ते सांगतो, बसा” हे सहा शब्द जोडले, तर शासनाच्या कोट्यवधी रुपयांच्या योजनेचे अखेरचे पाऊल पूर्ण होते. बोटांचा ठसा किंवा चेहऱ्याची ओळख देऊन हयातीचा दाखला काढणे हे २०१४ पासूनच्या ‘जीवन प्रमाण’ सुविधेमुळे अवघ्या काही मिनिटांचे काम आहे.

दारातला बंदूकधारी

माजी सैनिक आणि बँक यांचे नाते आणखी एका ठिकाणी दिसते. शाखेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला सशस्त्र रक्षक बहुधा माजी सैनिकच असतो. ग्राहक रोज त्याला पाहतात, नमस्कारही करतात. पण तो सैन्यात काय करीत होता, हे क्वचितच कोणी विचारतो. कोणी सिग्नल्समध्ये दळणवळण सांभाळलेले असते, कोणी भांडारातील लाखोंच्या सामानाचा हिशेब ठेवलेला असतो, कोणी बर्फात वाहनांचा ताफा चालता ठेवलेला असतो.

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत माजी सैनिकांसाठी ‘क’ गटात साडेचौदा टक्के आणि ‘ड’ गटात साडेचोवीस टक्के जागा राखीव आहेत. त्यांत अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबीयांचा वाटा समाविष्ट आहे. पुनर्वसन महासंचालनालयाच्या जून २०२१ च्या आकडेवारीनुसार बँकांतील प्रत्यक्ष प्रमाण ‘क’ गटात ९ टक्क्यांच्या आसपास आणि ‘ड’ गटात २१ टक्क्यांच्या आसपास होते. केंद्र शासनाच्या ज्या खात्यांनी माहिती दिली, त्यांत ‘क’ गटातील १० टक्के आरक्षणापैकी जेमतेम सव्वा टक्काच भरला गेला होता. तुलनेने बँकांची कामगिरी पुष्कळ उजवी आहे, हे समाधानाने सांगावे लागेल. परंतु त्याच आकड्यांतून दुसरीही गोष्ट दिसते. रक्षक आणि शिपाई या पदांवर माजी सैनिक जवळजवळ ठरल्या प्रमाणात येतात; लिपिकाच्या टेबलापर्यंत मात्र तितके पोहोचत नाहीत.

याचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हे. पस्तिशी-चाळिशीतला माणूस वीस वर्षांनी पुन्हा स्पर्धा परीक्षेला बसतो. घड्याळ लावून गणिते सोडविणाऱ्या बावीस वर्षांच्या पदवीधरांशी त्याची गाठ असते. वयाची सवलत त्याला परीक्षेच्या दारापर्यंत आणते. आत जाण्याची तयारी कोणी करून घेत नाही. लिपिक भरतीपूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सहकार्याने निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी दोन महिन्यांचे वर्ग घेतले, तर राखीव जागेचा अर्थ खऱ्या अर्थाने प्रकट होईल. सवलत म्हणजे रिकामी ठेवलेली खुर्ची नव्हे. तिच्यापर्यंत नेणारी वाटही तिचाच भाग होय.

एकरकमी पैसा आणि पंचविशीतला निवृत्त

नागरी जीवनात परतताना सैनिकाच्या हाती येणारा एकरकमी पैसा हा वरदानही असतो आणि सापळाही. सैनिकाला आपल्या निवृत्तिवेतनाचा निम्म्यापर्यंत भाग एकरकमी घेता येतो आणि तो १५ वर्षांनी पूर्ववत होतो. उपदान, भविष्य निर्वाह निधी आणि ही रक्कम एकत्र आली की घर, बहिणीचे लग्न, भावाचा ट्रॅक्टर आणि “दुप्पट करून देतो” म्हणणारा एखादा ओळखीचा, हे सारे एकाच महिन्यात दारात उभे राहतात. ज्याने वीस वर्षे मेसमध्ये जेवण केले आणि क्वार्टरमध्ये संसार केला, त्याला बाजाराची ही घाई परिचयाची नसते. अशा वेळी बँकेने त्याला विम्याची पॉलिसी विकण्याची घाई करावी, हे शोभणारे नाही. पहिले सहा महिने रक्कम साध्या मुदत ठेवीत ठेवा, वारसाची नोंद करा, पत्नीचे नाव खात्यात जोडा आणि मग विचार करा, असा सल्ला देणारा अधिकारी त्या घराचा आयुष्यभराचा सोबती होतो.

हा प्रश्न येत्या काळात अधिक तीव्र होणार आहे. जून २०२२ मध्ये घोषित झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यांतील सुमारे २५ टक्क्यांपर्यंतच जवान कायम सेवेत घेतले जातात. उरलेले तरुण विशी-पंचविशीत सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन गावी परततील. त्यांना निवृत्तिवेतन नसेल. त्यांच्यापुढे संपूर्ण आयुष्य असेल आणि हाती एक रक्कम असेल. ती रक्कम मोटारसायकल आणि मोबाइलमध्ये विरघळते की शिक्षणात, दुकानात किंवा मुद्रा कर्जाच्या जोडीने उभ्या केलेल्या उद्योगात रुजते, याचा निर्णय पुष्कळ अंशी ज्या शाखेत ती जमा होईल, त्या शाखेत होणार आहे.

शाखेने काय करावे

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. शाखांत मनुष्यबळ कमी आहे. रांगेत शेतकरी आहेत, शिष्यवृत्तीचे विद्यार्थी आहेत, निराधार वृद्ध आहेत. मग सैनिकालाच वेगळी वागणूक का? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर रांग मोडण्यात नाही. सैनिकाला वेगळी खिडकी नको. त्याला माहिती असलेली एक व्यक्ती हवी. महिन्यातील एक ठरावीक दुपार, भिंतीवर मराठीत आणि स्थानिक भाषेत लावलेली एका पानाची माहिती, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि नावातील तफावत, वारसनोंद, संयुक्त खाते, हयातीचा दाखला या चार गोष्टी तपासण्याची सवय एवढ्यावरही पुष्कळ काम होईल. दारातल्या रक्षकालाच हे काम शिकविले तर आणखी उत्तम. पलटण, अभिलेख कार्यालय, डिस्चार्ज बुक हे शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. आलेल्या म्हाताऱ्याला तो “या, साहेब” म्हणेल आणि त्या हाकेत नियमपुस्तिकेपेक्षा अधिक काही असेल.

ग्राहक-वाचकांनाही येथे एक काम आहे. घरात कोणी सेवेत असेल, तर त्याच्या पुढच्या रजेत पत्नीचे आणि मुलांचे नाव, जन्मतारीख सेवापुस्तकाशी आणि आधार कार्डाशी जुळते का, हे एकदा पडताळून पाहावे. निवृत्त सैनिकाने जिल्हा कार्यालयात नोंदणी केली आहे का, हे विचारावे. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाचे तिकीट छातीला लावणे चांगलेच आहे. शेजारच्या काकूंना हयातीच्या दाखल्यासाठी सोबत करणे त्याहून चांगले.

दोनशे वर्षांपूर्वी पूर्णय्यांनी बेकार शिपायाला काम, जमीन आणि ओळख दिली. आज जमीन देण्याचे दिवस उरले नाहीत; काम आणि ओळख मात्र अजूनही देता येते. शासन पैसे पाठविते, नियम करते, जागा राखून ठेवते. त्यापुढची वाट माणसाने माणसाला दाखवावी लागते. नकाशावर लष्कर मोहल्ला आणि मंडी मोहल्ला यांत मिनिटांचेच अंतर आहे. परतणाऱ्या सैनिकासाठीही ते तेवढेच राहावे, एवढे काम प्रत्येक शाखेच्या आवाक्यातले आहे.